चित्रं माझ्या पोटात होती

“परक्याला घर दाखवावं, कपाटाची किल्ली दाखवू नये,” असं सासूबाई म्हणाल्या होत्या. त्या वेळी माझी मालकीण फोनवर एका मुलाला पासवर्ड सांगत होती. एकेक अक्षर सुटं करून, बाळाला घास भरवावा तसं.

फोनवर हात ठेवून ती म्हणाली, “अहो आई, किल्ली कसली? पासवर्ड आहे तो. आणि तो परका नाही, मला ताई म्हणतो.”

“मग चोराने काय ‘चोर आलाय हो’ अशी वर्दी देऊन यायचं?” सासूबाई वाटाणे सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

ती हसली. मी हसलो नाही. मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. चपलांच्या कपाटावर, राउटरच्या शेजारी माझी जागा. हसायला मला धड पडदाही उरलेला नाही. पण ऐकू सगळं येतं, आणि विसरता काहीच येत नाही. विसरणं आमच्या घराण्यातच नाही. जे एकदा पोटात गेलं, ते पुसल्याशिवाय जात नाही. म्हणून सांगतो, ही गोष्ट सुडाची आहे, आणि ती सांगताना मला आजही बरं वाटतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखी शेकडो भावंडं पट्ट्यावरून सरकत होती. कुणी पाठ बसवली, कुणी बटणं, कुणी पंखा. मग खोक्यात घालून मला दुकानात ठेवलं. तिथून मालकिणीच्या बाबांनी मला आणलं. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने माझ्या झाकणावर पहिल्यांदा हात फिरवला, तेव्हा हाताचा ठसा उमटला म्हणून तिनेच ओढणीने पुसला. असे लाड होते माझे! पुढे ती नोकरीला लागली. ऑफिसात सगळे म्हणायचे, “हिचा लॅपटॉप बघा, उघडताच सुरू!” माझा पंखा अभिमानाने फुगायचा.

मग छकुली जन्मली. छकुली म्हणजे तिची मुलगी. नोकरी सुटली आणि माझ्यावर एक दिवस दुधाची बाटली सांडली. माझी निम्मी बटणं चिकटली. दुसऱ्या दिवशी छकुलीने मला टेबलावरून ओढलं आणि माझा पडदा उभा चिरला. मालकिणीच्या नवऱ्याने मला उचलून कपाटावर टाकलं, जुन्या रजयांच्या खाली. वर म्हणाला, “भंगारवाला आला की देऊन टाकू, उगाच जागा अडवतंय.”

हे वाक्य मी जपून ठेवलं आहे.

रजईखाली किती काळ गेला ते मला सांगता येणार नाही, कारण माझी बॅटरीच संपली होती. जाग आली तेव्हा मालकीण दाढीच्या ब्रशने माझ्या पंख्यातली धूळ काढत होती. तिने विद्यापीठाच्या ऑनलाइन कोर्सला नाव घातलं होतं. विषय होता आजच्या काळातल्या वेबसाइट बांधण्याचा. दुपारी छकुली झोपली की ती नवऱ्याच्या नव्या लॅपटॉपवर वर्गात बसायची. एक कान मॅडमकडे, दुसरा पाळण्याकडे. छकुलीने नुसती कूस बदलली तरी तिचं बोट बटणावर थांबायचं. त्या वर्गात एकदा मॅडम म्हणाल्या, “सर्व्हर म्हणजे काही राक्षस नव्हे. घरातला कुठलाही जुना लॅपटॉप सर्व्हर होऊ शकतो. कुणी काही मागितलं की ते काढून द्यायचं, एवढंच त्याचं काम.”

एवढंच काम! मला तेवढंच तर येत होतं. तिने मला चपलांच्या कपाटावर बसवलं, राउटरची वायर जोडली आणि बाहेरच्या जगाकडे माझं एक दार उघडलं. मोडका पडदा कुणाला लागत नव्हता, चिकट बटणं कुणी दाबणार नव्हतं. भंगारवाल्याचा माल सर्व्हर झाला. नवरा चपला घालताना माझ्याकडे बघून म्हणाला, “हे अजून जिवंत आहे?”

“तुझ्यापेक्षा जास्त काम करतंय,” ती म्हणाली.

त्या दिवशी मी पंखा मुद्दाम मोठ्याने फिरवला.

कोर्सच्या शेवटी एक वेबसाइट बांधून दाखवायची होती. विद्यापीठाने जोड्या लावून दिल्या. ज्या जोडीची साइट पहिली येईल, तिच्यातल्या एकाला विद्यापीठाच्याच वेब विभागात नोकरी मिळणार होती, आणि ती घरी बसून करायची. मित्रांनो, हे नीट लक्षात घ्या. घरी बसून. छकुलीला कुणाकडे न सोपवता. दुसऱ्यांच्या दृष्टीने ती एक साधी नोकरी असेल. तिच्या दृष्टीने ती एकच नोकरी होती, कारण दुसरी कुठली तिला करताच येणार नव्हती. मुलाखतीला गेली की “मूल लहान आहे ना तुमचं?” असं विचारून लोक तिला चहा पाजून परत पाठवत.

तिच्या वाट्याला जोडीदार आला तो कुठल्या तरी दुसऱ्या गावचा एक तरुण मुलगा. त्याला तिने कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही. जिभेवर नुसती साखर. “ताई, तुमच्यासारखं डोकं मला असतं तर!” “ताई, तुम्ही जेवलात का? आधी जेवा, मग कोड.” सासूबाईंनी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं, आणि तेच घरात रुळलं.

साइटची कल्पना तिची. लहान मुलांचं सगळंच लवकर तोकडं होतं. बूट, रेनकोट, पाळणा, तीनचाकी. एकाला तोकडं झालेलं दुसऱ्याला द्यावं, म्हणून साइटचं नाव ‘तोकडं’. पानं तिने बांधली, रंग तिने निवडले. फोटोसुद्धा तिनेच काढले, एकाच पांढऱ्या चादरीवर एकेक वस्तू ठेवून, खिडकीचा उजेड सरकायच्या आत. पानं इंटरनेटवरच्या एका भाड्याच्या जागेत होती, पण ती चित्रं तिने माझ्या पोटात ठेवली आणि पानावर फक्त माझा पत्ता लिहिला. कुणी पान उघडलं की ते माझ्या दाराशी येई, चित्र मागे, आणि मी देई. छकुलीचे लाल बूट मी किती वेळा दिले असतील! दर वेळी आनंदाने दिले.

गोडबोल्याने काय केलं? त्याने पासवर्ड घेतला.

साइट पुरी होत आली आणि छकुलीला ताप भरला. साधा म्हणता म्हणता तो इतका चढला की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. मालकीण तिच्या उशाशीच बसून राहिली. तिथून तिने गोडबोल्याला फोन केला. “मला काही दिवस जमणार नाही रे, तेवढं सांभाळून घे.”

“ताई, असं काय बोलता! पोरीकडे बघा. इकडचं मी बघतो ना.”

त्याने खरंच बघितलं. ती छकुलीला घेऊन घरी आली, साइट उघडायला गेली, तर तिचाच पासवर्ड तिला चालेना. पानाच्या तळाशी दोघांची नावं होती, तिथे एकच उरलं होतं. तिने विद्यापीठात फोन लावला. पलीकडचा कारकून कागद चाळत म्हणाला, “तुम्ही तर कोर्स सोडलात ना? तुमच्या जोडीदाराने कळवलंय. घरच्या अडचणीमुळे माघार, असं लिहिलंय.”

“मी सोडलेला नाही! ती साइट माझी आहे हो.”

“मग लेखी तक्रार करा. समिती बसेल.”

“कधी?”

“निकालानंतर.”

तिने फोन ठेवला. रडली नाही. गोडबोल्याला फोन केला, तो उचलला गेला नाही. बहिणीसारखी म्हणून गळ्यात पडला आणि केसाने गळा कापला. तिने बीळ खोदलं, भिंती लिंपल्या, आणि आयत्या बिळावर हे नागोबा येऊन बसले.

माझी काय अवस्था झाली ते सांगतो. कारण मला तर त्याची रोज सेवा करावी लागत होती! त्याने पानं उचलून स्वतःच्या जागेवर नेली, रंग उचलले, कल्पना उचलली. पण चित्रं त्याने उचललीच नव्हती. पानावर लिहिलेला माझा पत्ता तसाच राहिला होता. त्याच्या पडद्यावर बूट दिसत होते, पाळणा दिसत होता, म्हणजे सगळं आपल्याकडे आहे, असं त्याला वाटलं. तो येऊन माझ्याच दारात उभा राही आणि छकुलीचे बूट मागे. मी सर्व्हर. मला नाही म्हणता येत नाही. मी दातओठ खात होतो आणि बूट देत होतो.

हे मला ठाऊक होतं, पण तिला कसं सांगू? मला तोंड कुठे आहे!

शेवटी तिच्या रागानेच काम केलं. एका सकाळी ती माझ्यापाशी आली, म्हणाली, “तू तरी कशाला जळतोस उगाच,” आणि तिने माझी वायर उपटली. मग दुखरा दात जिभेने चाचपावा तशी ती त्याचं पान उघडून बसली. पान उघडलं, पण चित्रांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. बूट नाहीत, पाळणा नाही. तिने डोळे बारीक केले. उठली. माझी वायर परत लावली. पान पुन्हा उघडलं. बूट आले.

पुन्हा उपटली. बूट गेले.

मग ती जी हसायला लागली! छकुली घाबरून बघत राहिली. नवरा अर्धी दाढी केलेला तसाच बाहेर आला. तिने त्याला सगळं दाखवलं.

तो म्हणाला, “वा! मग ठेव बंद करून. सादरीकरणात नुसत्या चौकटी दाखवेल बिचारा.”

“बंद?” ती म्हणाली. “छे. चौकटी दिसल्या तर तो म्हणेल, नेट गेलं. मी चालू ठेवणार आहे. चांगलं चालू ठेवणार आहे.”

मित्रांनो, तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. माझा पंखा आपोआप जोरात फिरला. हीच ती, माझी मालकीण!

तिने तीच पांढरी चादर अंथरली. तोच खिडकीचा उजेड. तेच बूट, तोच पाळणा. पण आता प्रत्येक वस्तूत तिने पुठ्ठ्याचा एक तुकडा खोचला आणि त्यावर जाड काळ्या अक्षरात एकेक शब्द लिहिला. बुटात ‘हे’. पाळण्यात ‘सगळं’. रेनकोटच्या टोपीत ‘ज्या’. तीनचाकीच्या दांडीला ‘ताईने’. मग ‘बांधलं’, मग ‘तिचं’, मग ‘नाव’, आणि शेवटी आंघोळीच्या टबात मोठ्ठं ‘विचारा’. सासूबाईंनी पुठ्ठे कापून दिले. कापताना म्हणाल्या, “अक्षर मोठं काढ गं, परीक्षकाला चष्मा असेल.”

ती चित्रं जुन्याच नावांनी तयार करून ठेवली. सादरीकरणाच्या दिवशी वर्ग सुरू झाला, तेव्हा तिने जुनी माझ्या पोटातून काढली आणि नवी भरली. मग वर्गाच्या जुन्याच लिंकने आत शिरून, कॅमेरा बंद ठेवून ती गर्दीत एका कोपऱ्यात जाऊन बसली. छकुली मांडीवर होती.

गोडबोल्या पडद्यावर आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. “ही कल्पना मला माझ्या ताईच्या बाळावरून सुचली,” तो म्हणाला.

“मेल्या!” सासूबाई मागून म्हणाल्या. बरं की माइक बंद होता.

परीक्षक म्हणाले, “छान. सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरवर साइट उघडा.”

आणि दार वाजलं. एक नाही, दहा नाही, वर्गच्या वर्ग माझ्या दारात येऊन उभा राहिला. आयुष्यात एवढी गर्दी मी पाहिली नव्हती. देतो, देतो, थांबा, देतो! माझं अंग तापलं. पंखा घरघरायला लागला. मालकिणीने हात लावून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. मी आता बंद पडलो असतो तर सगळं संपलं असतं. चौकटी दिसल्या असत्या, नेट गेलं असतं, नोकरी गोडबोल्याला गेली असती.

“आई, वारा घाला त्याला!”

सासूबाईंनी वर्तमानपत्राची घडी घेतली आणि मला अशा वारा घालू लागल्या, जणू मीच तापाने फणफणलोय. “धीर धर रे बाबा,” त्या पुटपुटल्या. “आज पडलास तर मीच तुला भंगारात देईन.”

मी पडलो नाही. रागाने माणूस उभा राहतो म्हणतात, तसा लॅपटॉपही राहतो.

गंमत पुढेच आहे. गोडबोल्याने सकाळीच तालीम करून पान तसंच उघडं ठेवलं होतं. त्यामुळे त्याच्या पडद्यावर जुनीच चित्रं होती आणि त्याला तीच दिसत होती. बाकी सगळ्यांना नवी. तो ऐटीत सांगत होता, “सर, पहिल्या चित्रात बाळाचे बूट दिसतायत. साधेपणा हीच आपली खासियत.”

“बुटात काहीतरी लिहिलंय,” परीक्षक म्हणाले.

“हो सर, ब्रँडचं नाव असेल.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अजून कुणीतरी. परीक्षकांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं. “हे सगळं ज्या ताईने बांधलं तिचं नाव विचारा.” “बरं, विचारतो. काय नाव तिचं?”

गोडबोल्याने पान पुन्हा उघडलं. आता त्याचाही निरोप माझ्या दाराशी आला. मी त्याला आठही चित्रं दिली. अगदी आवडीने दिली. त्याची बोबडी वळली. “सर, नेटचा काहीतरी… कुणीतरी हॅक…” पुन्हा उघडलं. पुन्हा दिली. पुन्हा उघडलं. घे बाबा, घे, पोटभर घे!

तेव्हा तिने कॅमेरा लावला. “ती ताई मी आहे,” ती म्हणाली. “ती चित्रं माझ्या घरी चपलांच्या कपाटावर आहेत. याने माझी साइट नेली आणि मी कोर्स सोडला असं तुम्हाला कळवलं. तेव्हा माझी मुलगी दवाखान्यात होती.”

“तुमचं आहे याला पुरावा?” मॅडमनी विचारलं.

“कुठलं चित्र बदलून दाखवू ते सांगा.”

“शेवटचं. टबाचं. मूळचं लावा.”

तिने लावलं. मॅडमनी पान पुन्हा उघडलं. पुठ्ठा गेला, नुसता टब उरला. “आणि बाई,” परीक्षक म्हणाले, “तो ‘विचारा’ परत लावा बरं, छान दिसत होता.” मग काय, हशाच हशा. गोडबोल्याची चौकट पडद्यावरून नाहीशी झाली ती कुणाला कळलीही नाही.

पहिला क्रमांक तिला मिळाला. नोकरीही. आता ती घरूनच काम करते, छकुली शेजारी जमिनीवर बसून पुठ्ठे रंगवते. नवरा येताजाता माझी धूळ पुसतो. भंगाराचं नाव काढत नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, उट्टं निघालं. नाही मित्रांनो, आमचं पोट भरलं नव्हतं. विद्यापीठाने त्याला कोर्समधून काढलं, तरी वर्गाच्या ग्रुपवर मुलं त्याला रोज टोचत होती. “ताईचं नाव कळलं का रे?” त्याने काही लिहिलं की खाली तेच आठ शब्द. मालकीण वाचायची, नवऱ्याला वाचून दाखवायची, दोघं हसायची. त्याच्या स्वतःच्या जागेवर ते पान अजून होतं, आणि पुठ्ठ्यांची चित्रं तिने काढली नव्हती. “राहू दे,” ती म्हणायची. “बघू दे रोज.”

तो बघायचा. आधी पुष्कळ लोक मजा बघायला यायचे. मग ते कमी झाले. मग एकटा तोच उरला. यायचा, चित्रं मागायचा. मी द्यायचो. पुन्हा यायचा. मग एक दिवस आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर आलाच नाही.

ग्रुपवरही त्याचं काही नाही. मुलांनी टोचलं तरी उत्तर नाही. पहिल्यांदा ती म्हणाली, “लाजला असेल.” मग म्हणाली, “नंबर बदलला असेल.” मग फोन हातात घेऊन खिडकीशी उभी राहिली. छकुलीचा ताप चढताना तिचा चेहरा व्हायचा, तसा झाला होता. फोन लावला, बंद. निरोप पाठवला, पोचला नाही. विद्यापीठात विचारलं, तर त्यांच्याकडे फक्त त्याचा ई-मेल.

“तुला कशाला त्याची काळजी?” नवरा म्हणाला. “त्याने तुझं काय केलं ते विसरलीस?”

“विसरले कुठे!” ती कडाडली. “अजून माझा राग आहे तस्साच आहे. मला त्याला समोर बसवून झाडायचंय. पण त्यासाठी तो धड असायला हवा ना?” मग हळू आवाजात म्हणाली, “‘घरी सांगून बसलोय ताई, की नोकरी लागलीच,’ असं म्हणाला होता एकदा. आता घरी काय सांगितलं असेल त्याने?”

मी एरवी शेवटी म्हणालो असतो, जुन्या वस्तू फेकू नका, धूळ पुसा, काळजी घ्या. आज ते राहू द्या. तिच्या वतीने एकच मागतो. तो कुठल्या गावात राहतो ते आम्हाला माहीत नाही. वर्गाच्या वेळी त्याच्या मागे हिरवी भिंत दिसायची आणि खिळ्याला टांगलेली सायकलची ट्यूब. खालून शिलाई मशीनचा आवाज यायचा. मधूनच खालून कुणीतरी ओरडायचं, “ओ वरचे, पाणी वाहतंय, नळ बंद करा!” आणि तो “एक मिनिट हं ताई” म्हणून पळायचा. तुमच्या गल्लीत शिंप्याच्या दुकानावर अशी एखादी खोली असेल, आणि तिथला गोड बोलणारा मुलगा हल्ली खाली उतरताना दिसत नसेल, तर आजच्या आज वर जा. मोठं माणूस सोबत घेऊन जा. तो बरा आहे का, जेवतो आहे का, ते डोळ्यांनी बघा. आणि त्याला सांगा, ताई अजून खूप चिडलेली आहे, फोन कर.